कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा चेहरा

माझ्या ताईचा चेहरा रागीट आहे. ताई रागीट नाही. एवढी दोन वाक्यं मी आयुष्यात इतक्या जणांना समजावून सांगितली आहेत, की ती एकदाची पाटीवर रंगवून तिच्या गळ्यात अडकवावीत असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

तिच्या भुवया जन्मापासून एकमेकींना भेटायला निघालेल्या. ओठांची टोकं खाली वळलेली. आणि डोळे असे, की ती नुसती समोर बघत असली तरी समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी उचललंय आणि हिला ते कळलंय. शाळेत नवीन बाई आल्या की पहिल्याच तासाला ताईला उभं करायच्या. "काय गं, एवढं तोंड वाकडं करायला काय झालं?" मग मधल्या सुट्टीत मी धावत जाऊन सांगायची, "बाई, ती खूश आहे. खूश असली की ती अशीच दिसते." बाईंना वाटायचं, धाकटी चहाटळ आहे.

माझं उलट. मी काही कारण नसताना हसरी. कुणाच्या मयताला गेले तर रुमाल तोंडावर धरून बसावं लागतं, नाहीतर माणसं वळून बघतात. आतून मी किती तापट आहे ते नवऱ्याला विचारा. आम्हा दोघींना घडवताना कुणीतरी घाईघाईत चेहरे अदलाबदल करून लावले असावेत, दुसरं काय म्हणणार! आणि ताई म्हणजे पेल्यात मुंगी पडली तर बोट बुडवून तिला काठावर आणून ठेवणारी. सिनेमात नुसतं कुत्रं हरवलं तरी हिच्या डोळ्यांतून धार लागते. फक्त भुवया जागच्या हलत नाहीत, त्यामुळे रडतानाही ती कुणालातरी दम देतेय असंच वाटतं.

या चेहऱ्यावर तिला नोकरी मात्र चांगली मिळाली. ती संग्रहालयात राखणदार आहे. एकेका दालनाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं, लोक वस्तूंना हात लावत नाहीत ना ते बघायचं, कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तिथले किल्लीवाले काका, म्हणजे सगळ्या राखणदारांचे मुख्य, रोज सकाळी कुणी कुठे बसायचं ते ठरवतात. ज्या दालनात दोरी बांधता येत नाही तिथे ते ताईला बसवतात. तिला बघितलं की लोक आपोआप हात पाठीमागे घेतात. काका याला कौतुक समजतात, आणि ताईनेही ते तसंच घेतलं. तिला ती नोकरी आवडायची. दुपारी दालनं रिकामी होतात, उन्हाचा एक पट्टा फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढतो, चित्रांमधली माणसं जरा अंग सैल करून बसल्यासारखी वाटतात, आणि ती त्यांच्यात बसते. तिथे तिला कुणी काय झालं म्हणून विचारत नाही.

आता बाबांचं सांगते.

बाबांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात केली. आई गेल्यावर ते ताईकडे राहायला आले, म्हणजे खरं तर ताईच त्यांच्यासाठी घर घेऊन राहिली. मी तीन बसथांबे पुढे, संग्रहालयाच्या पलीकडे. ती कामावर गेली की दिवसा मी त्यांच्यापाशी बसायची, आणि ती आली की मी उठायची. म्हातारपणी बाबा विसरायला लागले. अलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. आधी आजची सकाळ गेली, मग गेलं वर्ष, मग आईचं जाणं, मग आईच. सगळ्यात शेवटी आम्ही दोघी.

मला विसरल्यावर आमचं काही बिघडलं नाही. मी दारात दिसले की ते म्हणायचे, "या, या. बसा. तुमच्या चेहऱ्यावरूनच कळतं, माणूस चांगलं आहे." मी मनात म्हणायची, कप्पाळ कळतं तुम्हाला! पण ते माझ्या हातचं जेवायचे, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. अनोळखी हसऱ्या बाईशी सभ्य माणूस जसा वागतो तसे वागायचे.

ताईला विसरले तेव्हा मात्र घोटाळा झाला. कारण ताई म्हणून जे काही त्यांना ठाऊक होतं, ते सगळं गेलं आणि मागे नुसता चेहरा उरला. त्यांच्या दृष्टीने त्या घरात एक परकी, चिडलेली बाई रोज संध्याकाळी किल्लीने दार उघडून आत यायची. त्यांचा सदरा काढायची, नखं कापायची, तोंडापुढे चमचा धरायची. ते अंग चोरून भिंतीकडे सरकायचे. मी निघाले की माझं मनगट धरून हळूच म्हणायचे, "ती बाई येईल आता. माझं काय चुकलं ते तुम्ही विचारा ना तिला."

हे ताईने स्वयंपाकघरातून ऐकलं. मी तिला सांगणार नव्हते, पण तिने ऐकलं.

तिच्या हातून ते जेवेनासे झाले. रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळची न्याहारीही; दुपारचे माझ्या हातचे चार घास तेवढे उरले. सदऱ्याच्या आत माणूस आहे की नाही असं वाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, यांना जिथे भीती वाटत नाही तिथे ठेवा, नाहीतर हे असेच झिजत जातील. जिथे म्हणजे माझ्याकडे. मी इस्त्रीची खोली रिकामी करायला घेतली. नवरा तक्रार न करता पलंग वर चढवायला तयार झाला, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. ताई म्हणाली, "थांब थोडे दिवस. मी काहीतरी करते." मला तिचं ते म्हणणं पटलं नाही आणि मोडवलंही नाही. बाबा तिच्या घरात राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो येऊन तिच्या भुवयांवर अडला होता. भुवयांचं कुणी काय करणार?

त्याच सुमारास संग्रहालयात ते आरशाचं प्रदर्शन आलं. एका तरुण कलाकार मुलीने केलेलं. सगळे राखणदार तिला आरसेवाली म्हणायचे. पहिली खोली सगळी काळोखी, पायाखाली जाड गालिचा, आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला येत नाही. मध्ये एक स्टूल आणि स्टुलासमोर पुरुषभर उंचीची काळी काच. तुम्ही स्टुलावर बसलात की काचेच्या तळातून काहीतरी वर यायला लागतं. विहिरीत वाकून बघताना दिसावा तसा तुमचाच चेहरा, निळसर, जरा हलणारा. त्यावरून बारीक पांढऱ्या रेघा फिरतात, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, नाकापासून हनुवटीपर्यंत. मग सगळं क्षणभर थांबतं. आणि चेहऱ्याखाली एक शब्द उमटतो. विश्वासू. लबाड. आळशी. प्रेमळ. असेच मोजके शब्द होते. आपल्यावर सगळीकडून कॅमेरे रोखलेले असतात, आणि नुसत्या तोंडाकडे बघून आपला स्वभाव ठरवणारी यंत्रं आता खरोखर निघताहेत, त्याबद्दल लोकांनी विचार करावा, असं आरसेवालीचं म्हणणं बाहेरच्या फलकावर होतं. लोक विचार करायचे की नाही माहीत नाही. लबाड आलेली माणसं हसत बाहेर पडायची आणि जिन्यात गप्प व्हायची, असं ताई सांगायची. एक नवरा-बायको आत हातात हात घालून आले आणि बाहेर जाताना मागेपुढे गेले.

काच महागाची होती आणि दोरी लावायची नव्हती. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर अर्थातच ताई.

ती म्हणायची, त्या खोलीत दिवस कसा जातो कळत नाही. चेहरे वर येतात, विरतात, पुन्हा वर येतात. घरी येताना बसमध्ये डोळे मिटले की तेच चेहरे पापण्यांच्या आत तरंगत राहायचे, आणि शब्द त्यांच्याखालून सुटून दुसऱ्याच कुणाच्यातरी खाली जाऊन चिकटायचे. मी म्हटलं, "झोप नीट होत नाही तुझी." ती म्हणाली, "झोप होते. पण तिथेही ती खोली असते."

आणि मग तिच्या डोक्यात ती कल्पना आली. ही कल्पना जगात फक्त तिलाच सुचू शकते.

दारं उघडायच्या आधी काच चालू आहे की नाही ते बघायचं काम राखणदाराकडे असतं. म्हणजे सकाळी पहिल्यांदा स्टुलावर ताई बसायची. काच तिला रोज सांगायची, कठोर. तिला वाटलं, या काचेला दिसतंय तेच बाबांनाही दिसतंय. मग हिच्यासमोर बसून आपण चेहरा शिकून घेऊ. आपला आपल्याला कळत नाही, ही सांगेल. तर बाईसाहेब रोज लवकर जायच्या आणि त्या काळोखात एकट्या बसून तोंडं करायच्या. भुवया वर. कठोर. भुवया वर, ओठ सैल. संशयी. दात दाखवून. लबाड. मान तिरकी करून, गाल आत ओढून. पुन्हा कठोर. ती मला हे काही बोलली नाही. एवढंच दिसायचं, की बोलता बोलता मध्येच तिच्या तोंडावरून काहीतरी सरकतंय, आणि मी म्हणायची, "दाढ दुखतेय का?"

एके सकाळी काचेने बराच वेळ घेतला आणि लिहिलं, प्रेमळ.

ताई जागची हलली नाही म्हणे. भुवया कपाळात, एक डोळा किंचित बारीक, ओठ अर्धवट उघडे, हनुवटी खाली, जे काही जसं होतं तसं तिने धरून ठेवलं. मोडू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायली नाही. किल्लीवाल्या काकांनी विचारलं तर नुसती मान हलवली. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं न सांडता न्यावं तसा तिने तो चेहरा घरापर्यंत आणला.

दार उघडलं आणि मीच दचकले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं हिला झटका आला.

बाबा पलंगावर उभे राहिले. गुडघे वाकत नव्हते त्यांचे एरवी, पण उभे राहिले, पांघरूण छातीशी ओढून. "हसू नका," ते म्हणाले. "बाई, मी काही घेतलेलं नाही. हवं तर खिसे बघा." आणि खरंच सदऱ्याचे खिसे उलटे करून दाखवायला लागले.

ताईचा चेहरा एका क्षणात खाली आला, आपल्या जागी. ती आत गेली आणि नळ सोडला. नळ इतका वेळ कुणी सोडत नाही. मी बाबांचे खिसे सरळ करत होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि माझ्या तोंडावर नेहमीप्रमाणे हसूच असणार, कारण बाबा माझ्याकडे बघून शांत झाले. त्या वेळी मला माझ्या तोंडाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिने मला सगळं सांगितलं, काच, स्टूल, सकाळचा सराव. दुसऱ्या दिवशी शेजारणीला बाबांपाशी बसवून मी संग्रहालयात गेले. भांडायलाच गेले. कुणाशी ते ठरलं नव्हतं. काचेशी म्हणा.

पण पहिल्या खोलीचं दार मला सापडलं नाही. बाण उलटसुलट, काळोख, आणि मी रागात. मी दुसऱ्याच एका दारातून आत शिरले. ही छोटी खोली, मऊ आरामखुर्ची, समोर खिडकीएवढा पडदा आणि हाताशी बटणांची ओळ. प्रत्येक बटणावर एक शब्द. तेच शब्द. पडद्यावर एका टकल्या गृहस्थांचा चेहरा होता, ते पलीकडे स्टुलावर बसले असणार. माझ्या पुढे खुर्चीत एक कॉलेजची मुलगी बसली होती. तिने जांभई देत लबाड दाबलं. पलीकडच्या खोलीतून त्या गृहस्थांचं हसणं ऐकू आलं, जरा उशिरा, जरा जास्तच मोठं.

तेव्हा मला कळलं. काचेला काही कळतच नव्हतं. या खुर्चीत बसलेली माणसं ज्या तोंडाला जे बटण दाबतील, ते ती पाठ करून ठेवत होती आणि पुढच्या तशा तोंडाला तेच ऐकवत होती.

गृहस्थ उठून गेले. पडदा काळा झाला, कॅमेरा इकडेतिकडे फिरला, काहीतरी शोधत राहिला, आणि मग त्या काळोखातून हळूहळू ताई वर आली. आमची ताई. खुर्चीत, हात मांडीवर, दूर कुठेतरी बघत. स्टूल रिकामं झालं की कॅमेऱ्याला दुसरं तोंड लागायचं, आणि त्या खोलीत न हलणारं असं ते एकच होतं. कॉलेजच्या मुलीने बघितलंही नाही नीट. कठोर दाबलं आणि उठून गेली.

मी आरसेवालीला शोधून काढलं. ती जिन्यापाशी वायर गुंडाळत बसली होती. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हसऱ्या तोंडाने बोलले, त्यामुळे सुरुवातीला तिला वाटलं मी अभिनंदन करतेय.

"काकू, एक मिनिट. कोण ताई?" ती म्हणाली.

"कोण ताई! तुमच्या खोलीत जी दिवसभर बसते ती!"

ती माझ्याबरोबर दुसऱ्या खोलीत आली. पडद्यावर ताई होती. ती मुलगी बघत राहिली आणि तिचे कान लाल झाले. "मी खोलीचा विचार केला तेव्हा येणारी माणसं धरली होती," ती म्हणाली. "बसलेलं माणूस धरलंच नव्हतं." मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस सगळ्यात जास्त यांनाच बघितलंय लोकांनी. कठोर म्हणजे काय हे काच यांच्यावरूनच शिकलीय." कॅमेरा दुरुस्त करणारा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता, तोवर तिला त्याला हात लावता येत नव्हता. ती वाईट मुलगी नव्हती. मला वाईट हवी होती, म्हणजे अजून चार शब्द बोलता आले असते.

संध्याकाळी ताईला सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, निदान भांडं आपटेल. ती पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.

"मला वाटलं होतं, काचेला काहीतरी वेगळं कळतं," ती म्हणाली. "ही तर माणसंच निघाली."

मग म्हणाली, "बाबांना घेऊन जा तू. उगाच त्यांचे हाल नकोत."

ठरल्या दिवशी ती बाबा उठायच्या आत कामावर निघून गेली. त्यांच्या पिशवीत सदरे नीट घडी करून ठेवले होते, वर नखं कापायचं कटर, आणि दुधाला साखर किती लागते ते मला पुन्हा एकदा तोंडी सांगून झालं होतं. मी बाबांचा हात धरून निघाले. वाटेत बाबा खूश होते. झाडं बघत होते, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. संग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी ते दमले. आणि मला एकदम वाटलं, तिने निदान एकदा त्यांना बघावं. समोरून नाही, मागून. यांना त्या मऊ खुर्चीत बसवते, पलीकडे जाऊन तिला सांगते, ती दारातून त्यांची पाठ बघेल आणि परत जाईल. याहून जास्त काही माझ्या डोक्यात नव्हतं.

दुपारची वेळ होती, कुणी नव्हतं. त्या गालिच्यावर पाय ठेवला की बाहेरचा रस्ता, गाड्या, ऊन सगळं कुठेतरी मागे राहून जायचं. बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "पाण्याखाली आलोय का आपण?" मी म्हटलं, "हो, थोडा वेळच." त्यांना ते पटलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं.

पडद्यावर ताई होती.

पलीकडे स्टूल रिकामं असेल तर हीच दिसणार हे मला सुचायला हवं होतं, पण राग आणि घाई, माझं नेहमीचंच. मी पडद्यासमोर आडवी उभी राहिले. बाबांनी मला हाताने बाजूला केलं. सभ्यपणे, पण केलं.

ते बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ती कुणाकडेच बघत नव्हती. निळ्या उजेडात तिचा चेहरा हळूहळू श्वास घेत होता. बाबांना घाई नव्हती. खाली काळ्या फलकावर लिहिलं होतं, एक शब्द निवडा. बाबा आयुष्यभर लिहिलेल्या सूचना पाळणारे. त्यांनी बटणं एकेक करून वाचली. कठोर. संशयी. लबाड. आळशी. विश्वासू. प्रेमळ. गर्विष्ठ. बोट सगळ्यांवरून फिरवलं आणि मांडीवर परत आणलं.

"यात नाहीये," ते म्हणाले.

"काय नाहीये?"

"या बाईंचं." त्यांनी पुन्हा वर बघितलं. "यांचं मन इथे नाही हो. घरी कुणीतरी आहे यांचं. म्हातारं माणूस असेल. जेवलं असेल का, पडलं तर नसेल, तेच चाललंय डोक्यात. आणि यांना कुणी सोडत नाही."

"कशावरून म्हणता?"

"दिसतंय की," बाबा म्हणाले. जरा चिडूनच म्हणाले, कारण मी मूर्खासारखं विचारत होते. मग ते खुर्चीचे हात धरून उठले. "कुठून जायचं तिकडे?"

मी त्यांना अडवू शकले असते. अडवलं नाही. आम्ही भिंतीला वळसा घालून पहिल्या खोलीत गेलो. ताईने आम्हाला बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं तर चेहरा खाली घातला. हनुवटी छातीला, दोन्ही हात कपाळावर. घरातही अलीकडे ती त्यांच्यासमोर अशीच वावरायची, जमिनीकडे बघत.

बाबा तिच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही घरी जा. तुमचे वडील वाट बघत असतील. मी बसतो तुमच्या जागी. मला नोकरीची सवय आहे, काही हलू द्यायचा नाही मी."

ताईने हात काढले. वर बघितलं. तोच चेहरा, भुवया जुळलेल्या, ओठ खाली वळलेले, आणि डोळ्यांतून धार लागलेली. बाबा मागे सरले नाहीत.

"रडू नका," ते म्हणाले. "सोडतील तुम्हाला. उठा."

ती उठली. बाबा बसले. हात मांडीवर ठेवून त्यांनी समोर काचेकडे अशी नजर लावली, की त्या वेळी आत डोकावलेल्या एका जोडप्याने हात पाठीमागे घेतले आणि दारातूनच काढता पाय घेतला. मी त्या दोघांकडे बघत होते, बसलेल्या बाबांकडे आणि शेजारी उभ्या ताईकडे. भुवया, ओठ, सगळं एकच. इतकी वर्षं मी आमच्या घरात वावरतेय आणि मला ते कधी दिसलं नव्हतं, कारण बाबांना मी ओळखत होते, त्यांचा नुसता चेहरा कधी बघितलाच नव्हता.

किल्लीवाल्या काकांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्यांनी ताईला सुट्टी दिली आणि स्वतः येऊन खुर्चीपाशी उभे राहिले. बाबा उठायला तयार नव्हते. मग ताईच म्हणाली, "मला एकटीला घरापर्यंत जायचं म्हणजे जरा... तुम्ही सोबत याल का?"

"येतो की," बाबा म्हणाले. लगेच उठले.

ते दोघं पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. ऊन उतरलं होतं. रस्ता तोच होता पण मला तो नीट जाणवत नव्हता, सगळं जरा वर उचललेलं, जरा उशिराने ऐकू येणारं. बाबा तिला विचारत होते, वडील काय करायचे तुमचे? ती म्हणाली, पंपघरात होते. बाबा म्हणाले, वा! चांगली नोकरी. जबाबदारीची. ती हो म्हणाली. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचं कोपर धरलं. तिला सांभाळून नेत होते ते, आणि ती त्यांना नेऊ देत होती.

दारापाशी आल्यावर ताईने किल्ली लावली. याच आवाजाला ते रोज संध्याकाळी भिंतीकडे सरकायचे. आता तिच्यामागे उभे होते, केस हाताने नीट बसवत.

"तुमचे वडील घरात आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत," ताई म्हणाली. "या ना आत."

ते चपला काढून आत गेले. आपल्या पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखे टेकले आणि आतल्या दाराकडे बघत बसले. मी पिशवी दाराआडच ठेवून दिली. ताईने मऊ भात कालवला, ताटली घेतली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. चेहरा खाली न घालता, सरळ समोर.

"ते येईपर्यंत तुम्ही थोडं जेवून घ्या," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.